कारभाऱ्याचे कान

आमच्या घरात कारभारी दोन. एक आमचे हे, आणि दुसरा घोडा. घोड्याला ते नाव पागेत घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांनी दिलं. सकाळी पागेतल्या त्याच्या खणातून बाहेर काढला की हा आधी ओळीने सगळ्या बादल्या हुंगतो, कोणाच्या दारात किती गवत सांडलंय ते बघतो, आणि समाधान झालं तरच रिंगणाकडे वळतो. "आले कारभारी तपासणीला," मोतद्दार म्हणायचे, आणि नाव चिकटलं. यांना ते जरा लागलं. "तू कारभारी म्हणून हाक मारलीस तर मी ओ द्यायची की नाही?" असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. मी म्हटलं, "हातात साखर दिसली तर देऊ नका."

मी शाळेत ग्रंथपाल होते. हळू बोलायची सवय तिथली. घोड्यावर बसायला शिकले तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती, त्यामुळे उड्या आणि शर्यती माझ्या वाट्याला आल्या नाहीत. ड्रेसाज तेवढं जमलं. त्यात घाई नसते. घोड्याने सरळ चालावं, मागितल्यावर वळावं, थांबताना चारही पाय नीट खाली ठेवावेत आणि हे सगळं बघणाऱ्याला कळणार नाही इतक्या बारीक खुणेवर करावं, एवढंच त्यात असतं. एवढंच म्हणते खरी, पण त्यात जन्म जातो.

माझा रोज एक हजार नामाचा नेम आहे. सव्वीस वर्षं झाली. तापात, प्रवासात, मुलाच्या लग्नाच्या धांदलीतसुद्धा चुकला नाही. आणि पंधरा दिवसांतून एकदा सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मौन. नाम घ्यायला मला घोड्याची पाठ फार सोयीची वाटायची. रिंगणाच्या एका फेरीत चाळीस नामं होतात, पंचवीस फेऱ्या झाल्या की हजार. बोटं मोजायला नकोत. कारभारी चालायचा, मी ओठातल्या ओठात पुटपुटायची. एका बैठकीत घोडाही फिरतो आणि नेमही होतो, याचं मला मनातून कौतुकच वाटायचं.

या वर्षी माझ्या डाव्या खुब्याने असहकार पुकारला. जिना चढताना आधी कुरकुर, मग कळ, मग रात्री कूस बदलायची चोरी. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेचं चित्र दिव्यासमोर धरून मला दाखवलं. "इथे गादी असायला हवी, ती झिजलीय. सहा आठवड्यांनी शस्त्रक्रियेची तारीख देते. त्यानंतर घोडा बघायचा तो लांबून."

"किती लांबून?" मी विचारलं.

"त्याच्यावरून पडता येणार नाही इतक्या लांबून," त्या म्हणाल्या.

माझं काय, मी बसले असते लांब. प्रश्न कारभाऱ्याचा होता. आमच्या पागेत खण चौदा, आणि जागेची वाट बघणारे घोडे त्याहून जास्त. ज्याच्यावर कोणी बसत नाही त्याने मोसम संपताच खण सोडायचा, असा पागेचा नियम आहे. मग तो घोडा टेकडीपलीकडच्या कुरणावर जातो. कुरण काही वाईट नाही, गवत गुडघाभर असतं. पण तिथे एकटंच राहायचं, आणि कारभाऱ्याला एकटेपण सोसत नाही. एकदा खोकला झाला म्हणून शेजारचे खण रिकामे करून दोन दिवस त्याला वेगळं ठेवलं, तर त्याने पाण्याला तोंड लावलं नाही आणि दाराची वरची फळी चावून निम्मी केली. चौदा वर्षांचं जनावर आहे. कुरणावरचा पहिला हिवाळा तो काढेल असं मोतद्दारांनाही वाटत नव्हतं.

तेव्हा सून म्हणाली, "आई, मी बसते त्याच्यावर."

ती तीन वर्षं तिथेच शिकत होती, पागेच्या घोड्यांवर. नोकरी दातांच्या कवळ्या बनवायची. अर्ध्या मिलिमीटरसाठी दुपारभर घासत बसणारी मुलगी. हात शांत. मी हो म्हटलं. आता एकच अडचण राहिली. घोडा नव्या स्वाराच्या नावावर करायचा तर त्या दोघांनी मिळून परीक्षकांसमोर चाचणी द्यायची असते. चाचणी सहा आठवड्यांनी, माझ्या तारखेच्या आदल्या दिवशी. उत्तीर्ण झाले तर खण राहिला. नाही तर कुरण.

चाचणीत यंदा एक नवी गोष्ट होती, आणि ती शिकवायला मास्तर होते. मास्तर पूर्वी फौजेत घोडेस्वार होते. तोफेजवळ उभं राहून डावा कान गेलेला, त्यामुळे सगळं जग बहिरं आहे असं समजून बोलतात.

"बाई! नवीन धडा! खांदा आत!" त्यांनी वाळूत काठीने रेघा ओढल्या. "घोडा भिंतीच्या कडेने चालतो. मागचे पाय भिंतीलगत राहू द्या. पुढचा भाग, म्हणजे खांदा, एक पाऊल आत आणा. अंग किंचित वाकलेलं, चाल तीच. वाळूत दोनच्या ऐवजी तीन रेघा उमटल्या पाहिजेत. कोपऱ्यात दहा पावलांचं गोल वळण, त्यातून बाहेर पडताना खांदा आत, भिंतीच्या मध्यापर्यंत. मग सरळ, मग थांबा. चारही कोपऱ्यांत तेच."

"आणि काठी?" सुनेने विचारलं.

"काठी मला टेकायला आहे, पोरी. घोड्याला आतल्या बाजूची टाच आणि बाहेरचा लगाम. बास."

ठरलं असं की धडा आधी मी बसवायचा, कारण कारभारी मला ओळखतो. मग सुनेने.

पाच दिवसांत त्याने तो उचलला. खरं सांगते, इतकं सुरेख काम त्याने आयुष्यात केलं नसेल. वळणातून बाहेर येताना त्याचा खांदा असा आत यायचा, जसं कोणी दारातल्या पाहुण्याला वाट द्यायला जरासं अंग चोरावं. वाळूत तीन रेघा, आखल्यासारख्या. माझा डावा पाय तर तेव्हा नावालाच रिकिबीत असायचा, आणि तरी तो डाव्या बाजूलाही तितकाच छान वाकायचा.

"वा बाई!" मास्तर ओरडले. "साठीत असं काम! आता पोरीला द्या."

सून बसली. आणि कारभारी भिंतीला चिकटून, मान ताठ ठेवून, दोन सरळ रेघा मारत निघून गेला. वळण त्याने घेतलं, वळणातून बाहेरही आला, पण खांदा आत आणणं हे जणू त्याच्या गावीच नव्हतं. तिने टाच लावली तेव्हा त्याने वेग वाढवला. लगाम धरला तेव्हा थांबला. पुन्हा टाच लावली तर त्याने मान वळवून तिच्या बुटाकडे बघितलं.

"बुटाचं पॉलिश तपासतायत कारभारी," बाकावरून हे म्हणाले. यांची जागा रिंगणाच्या फाटकाशी, थर्मास आणि शब्दकोडं घेऊन.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी चढले की तीन रेघा, ती चढली की दोन. मास्तरांनी तिची टाच पाहिली, बैठक पाहिली, हात पाहिले. चूक सापडेना. "तुमच्याहून तिची टाच चांगली पडतेय," ते मला म्हणाले, त्यांच्या मते हळू. "मग तुम्ही नेमकं करता काय?"

"काही नाही हो," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं.

इथे एक कबुली द्यायला हवी. त्या दिवसांत मला वाईट वाटत होतं, झोप लागत नव्हती, कुरणाचा विचार सुटत नव्हता. पण त्या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी मला बरंही वाटत होतं. माझ्याशिवाय तो कोणाचं ऐकत नाही, ही गोष्ट मी जिभेखाली खडीसाखर ठेवावी तशी ठेवली होती. संध्याकाळी दिवा लावताना ते माझ्या ध्यानात आलं आणि मला स्वतःची लाज वाटली. तिकडे सून घरी येऊन न बोलता ताट-वाट्या मांडायची. एकदा नळ सोडून पाठमोरी उभी राहून म्हणाली, "आई, त्याला मी नकोय."

"असं काही नसतं गं."

"तुम्ही बसलात की तो कान मागे करून तुमच्याकडे लावतो. माझ्याकडे नाही लावत. मी बसले की त्याचे कान फाटकाकडे."

कवळ्या करणाऱ्या मुलीची नजर. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्या आठवड्यात माझा मौनाचा दिवस आला. एरवी त्या दिवशी मी पागेत जातच नाही. पण आठवडे चारच राहिले होते, एक दिवसही वाया घालवणं जिवावर आलं. मौन म्हणजे मौन, त्या दिवशी मी नामसुद्धा मनातच घेते, ओठ हलवत नाही. तोंड मिटून बसले, कारभाऱ्याला भिंतीला लावलं, कोपऱ्यात वळण घेतलं, बाहेर आले.

दोन रेघा.

पुन्हा वळण. पुन्हा दोन रेघा. तिसऱ्या कोपऱ्यात तर तो थांबलाच, आणि कान मागे लावून उभा राहिला. दुकानात गिऱ्हाइकाने नक्की काय हवं ते सांगावं म्हणून दुकानदार थांबतो ना, तसा.

"पाय दुखावला का त्याचा?" मास्तर धावत आले. त्यांनी चारही खूर उचलून पाहिले. "बाई, कुठे आखडतोय? डावीकडे? उजवीकडे?"

मी हात हलवून नाही म्हटलं.

"अहो बोला की!"

"मौन आहे तिचं," हे बाकावरून ओरडले.

"काय आहे?"

"मौन!"

"फोन? कोणाचा फोन?"

"मौन हो, मौन! आज बोलत नाही ती!"

"आजच?" मास्तरांनी आभाळाकडे पाहिलं.

सून मात्र फाटकाच्या खांबाला धरून माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती. ती आत आली, कारभाऱ्याच्या मानेवर हात ठेवला, आणि मान वर करून मला म्हणाली, "आई, रोज तुम्ही पुटपुटता. आज ओठ बंद आहेत तुमचे."

मी ओठांवर बोट ठेवून मौनाची खूण केली.

"तुमचं नाम. सरळ चालताना ते पावलाला एक असं पडतं. वळणाआधी तुम्ही श्वास घ्यायला थांबता. आणि वळणातून बाहेर पडताना शेवटचं अक्षर लांबवता. रोज. मी फाटकाशी उभी राहून ऐकते ना." तिने घोड्याच्या कानाला बोट लावलं. "हा पण ऐकतो. तो तुमच्या टाचेवर चालतच नाहीये, आई. त्या लांबवलेल्या अक्षरावर चालतोय."

बोलायची सोय नव्हती. मी खाली बघितलं तर माझा बाहेरचा लगाम सैल लोंबत होता आणि डावी टाच त्याच्या अंगापासून चार बोटं लांब होती. किती दिवस ती तशी होती कोण जाणे. वर्षभर तरी खुबा दुखतच होता. पाय कमजोर झाला तसा घोड्याने तो सोडून दिला आणि माझा श्वास धरला. मी त्याच्यावर नेम उरकत होते, आणि तो बिचारा त्या नेमातून माझा हुकूम वेचून काढत होता.

सूर्य मावळेपर्यंत सात तास होते. सात तास मी हे सगळं तोंड मिटून पोटात घेऊन हिंडले. भांडी घासली, कपडे घडी केले. मनात येत होतं, हे नाम मी देवासाठी घेत होते की घोडा हाकायला? चाबूक मी कधी हातात धरला नव्हता. मग तोंडात धरला होता का?

अंधारल्यावर पहिला शब्द मी सुनेशी बोलले. "तुझं बरोबर आहे," म्हटलं.

ती कणीक मळत होती. हात तसेच ठेवून म्हणाली, "आई, रागावणार नसाल तर विचारते. मी म्हणू का तुमचं नाम? मला त्यातलं काही कळत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण तसंच म्हणेन, त्याच लयीत. तो चालेल."

ही मुलगी कधी देवापुढे उभी राहत नाही. मी कधी तिला बोलले नाही, तिने कधी मला हसलं नाही, असं आमचं चाललेलं. आणि ती घोड्यासाठी नाम घ्यायला निघाली होती. माझे डोळे भरून आले. मोह तर इतका झाला की हो म्हणायला तोंड उघडलंच होतं.

सकाळी मास्तरांनी तो मोह मोडला. "चाचणीत आवाज काढायचा नसतो. नियम आहे. घोड्याशी बोललं की दर वेळी गुण कापतात. परीक्षकबाईंचे दोन्ही कान शाबूत आहेत, माझ्यासारखे नाहीत. मला कळलं असतं तर पहिल्याच दिवशी तुमच्या तोंडाला कुलूप लावलं असतं!" मग त्यांनी काठीवर हनुवटी टेकली. "आता नवीन धडा बाजूला. नवीन धड्याचा धडा. घोड्याला जुनी खूण कळते ना? मग तिच्या आधी नवी द्यायची. पोरीने टाच लावायची आणि लगेच बाईंनी नाम घ्यायचं. टाच, नाम. टाच, नाम. चार दिवसांत त्याला कळतं की टाच आली की नाम येणार. मग तो नामासाठी थांबत नाही."

"म्हणजे मी जमिनीवरून?" मी विचारलं.

"त्याच्या खांद्याशी चालायचं. खुबा चालू देईल?"

"देईल," मी म्हटलं. खुब्याला विचारलंच नाही.

अशी आमची वरात निघाली. घोड्यावर सून, घोड्याच्या खांद्याशी काठी टेकत मी, मागून मास्तर. तिची टाच लागायची, मी शेवटचं अक्षर लांबवायची, आणि कारभारी लगेच अंग चोरून खांदा आत घ्यायचा. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातून निघताना मला ठसका लागला. नाम राहून गेलं. मी खोकत खाली वाकले तर वाळूत तीन रेघा.

"आई!" सून वरून ओरडली. "बघितलंत?"

"मी नाही काही केलं," मी म्हटलं, आणि खोकता खोकता हसू आलं.

"आता लांब व्हायचं," मास्तर म्हणाले. "रोज थोडं. तो कानाने तुम्हाला शोधेल. सापडायचं नाही."

घोड्याला काही शिकवताना आपण नेहमी जवळ जातो. इथे मला दूर जायला शिकायचं होतं. पहिल्या आठवड्यात दोन पावलं मागे. मग रिंगणाच्या मधोमध. तिथून मी हळू पुटपुटायची, आणि त्याचा एक कान सुनेकडे, एक माझ्याकडे. ती दुडकी चाल सुरू करून तोच धडा त्या चालीत करू लागली तेव्हा मी फाटकाबाहेर गेले. मग बाकावर, यांच्या शेजारी. ते शब्दकोडं माझ्यापुढे सरकवून म्हणायचे, "तोंडाला काम हवंय ना, हे घे, उभा आठवा शब्द सांग." आणि मग एके दिवशी मास्तरांनी सांगितलं, "आता ओठ बंद. बाकावर बसून मनात म्हणा."

हजार नामं मी आता घरी, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून घेऊ लागले. फार कठीण गेलं. पंचवीस फेऱ्यांची सवय. भिंतीकडे बघून नाम घेताना मन चार ठिकाणी जायचं. इतकी वर्षं मन एका जागी असायचं ते माझ्या साधनेमुळे की त्याच्या चालीमुळे, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. उत्तर फारसं आवडलं नाही. पण नेम सोडला नाही.

चाचणीच्या दिवशी सकाळी सातशे झाली आणि निघायची वेळ झाली. तीनशे बाकी ठेवून घराबाहेर पडले, असं पूर्वी कधी केलं नव्हतं.

मास्तरांनी मला फाटकाशी येऊ दिलं नाही. "तो तुम्हाला बघेल. खोगिरांच्या खोलीत बसा." ती खोली रिंगणाला लागून आहे, मध्ये फक्त लाकडी भिंत. आत कातड्याचा आणि साबणाचा वास, खुंट्यांवर लगाम, कोपऱ्यात ओले स्पंज वाळत घातलेले. खिडकी आहे, पण छताजवळ, तिथून आभाळच दिसतं. मी उलट्या बादलीवर बसले. काठी गुडघ्यांत धरली. पलीकडून परीक्षकबाईंचा आवाज आला, मग घंटा वाजली, आणि मग टापा.

डोळ्यांनी दिसत नसलं की ऐकू किती येतं! पहिला कोपरा. टापा जवळ जवळ पडल्या, ते वळण. मग बाहेर, आणि टापांचा आवाज किंचित बदलला, एकावर एक न पडता सुटा झाला. तीन रेघा. मला त्या ऐकू आल्या. दुसरा कोपरा, तसाच. थांबा. चार पाय. पुन्हा चाल.

तिसरा कोपरा माझ्या भिंतीला लागून आहे. वळणाच्या टापा अगदी माझ्या पाठीशी आल्या, आणि थांबल्या.

तिथे थांबायचं नव्हतं.

मी वळून भिंतीकडे बघितलं. फळ्यांच्या फटीतून काही दिसत नव्हतं, पण एक लांब श्वास ऐकू आला, नाकपुड्यांतून, फळीजवळून. त्याला कळलं होतं. कातड्याच्या एवढ्या वासातूनही मी तिथे आहे हे त्याला कळलं होतं. त्याचे कान कुठे असतील ते मला न बघता दिसत होतं. परीक्षकबाई रिंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला होत्या. मास्तरांना तर ऐकूच येत नाही. एक नाम. ओठातल्या ओठात, शेवटचं अक्षर जरा लांबवून. कोणाला कळलं नसतं. खण राहिला असता.

मी तळहात तोंडावर दाबून धरला. आणि मनातलंसुद्धा थांबवलं. सव्वीस वर्षांत मनात आलेलं नाम अडवलं असं ते एकदाच.

भिंतीपलीकडे खोगीर करकरलं. सुनेने श्वास सोडला असावा, बैठक खाली गेली असावी. तिने लगाम ओढला नाही. ओढला असता तर कडी वाजली असती. चार श्वास तशीच शांतता होती. मग टाचेचा एक हलका स्पर्श, तोही मी ऐकला म्हणते, खरं तर कोणाला ऐकू येईल तो? आणि कारभाऱ्याने पाऊल उचललं. एक, दोन, आणि आवाज सुटा झाला. तीन रेघा माझ्या पाठीवरून आखत गेल्यासारख्या दूर दूर गेल्या.

चौथा कोपरा मी नीट ऐकला नाही. माझे कान वाजत होते.

साठ गुण लागत होते, साडेएकसष्ट मिळाले. थांबल्याबद्दल कापले होतेच, आणि कागदावर शेरा होता: घोड्याचं लक्ष क्षणभर इतरत्र, स्वाराने घाई न करता परत मिळवलं. सुनेने तो कागद आणून माझ्या हातात दिला.

"आई, तिथे उभा राहिला तेव्हा मला वाटलं तुम्ही म्हणाल."

"मलाही वाटलं," मी म्हटलं.

ती माझ्या गळ्यातच पडली. मास्तर मागून ओरडले, "खुबा सांभाळा! उद्या कापायचाय तो!"

सगळे चहाला गेले तेव्हा मी कारभाऱ्याच्या खणात गेले. चावलेली फळी अजून तशीच आहे. तो गवत खात होता. मी त्याच्या खांद्याला पाठ टेकली आणि राहिलेली तीनशे नामं सुरू केली, पहिल्यासारखी, ओठातल्या ओठात. शेवटचं अक्षर लांबवायची सवय काही गेली नव्हती. मी सावध झाले, म्हटलं आता हा अंग चोरेल आणि मला भिंतीशी दाबेल. पण तो हलला नाही. एक कान माझ्याकडे वळला, थोडा वेळ तसाच राहिला, आणि मग सैल पडला. पुढे तो खात राहिला आणि मी म्हणत राहिले.

दारात हे येऊन उभे राहिले. "झाला का नेम?"

मी चार बोटं वर केली, चाळीस उरली होती. एक फेरी.

"मग थांबतो," ते म्हणाले, आणि पालथ्या बादलीवर बसले. कारभाऱ्याने मान लांब करून आधी त्यांचे खिसे तपासले.